पेस्तुमची ग्रीक देवळं आणि अमाल्फीचा किनारा, आई-बाबांना घेऊन एका दिवसात जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाच जण, म्हणजे नवरा-बायको, चौदा वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, दक्षिण इटलीत सोरेंतोला चार रात्री राहणार आहेत. आईंचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहासाची भयंकर आवड. एका एजंटने प्रायव्हेट व्हॅनचा प्लॅन दिलाय, सकाळी पॉम्पेई, मग पेस्तुमची ग्रीक देवळं, मग अमाल्फी, रावेल्लो आणि पोझितानो करून रात्री परत, दहा तासांत. हे जमेल का आणि पैसे वसूल होतील का?

मी गेली बरीच वर्षं पुण्या-मुंबईच्या फॅमिलींच्या इटली ट्रिप आखतोय, दक्षिण इटलीत ग्रुप घेऊन स्वतः कितीतरी वेळा गेलोय, त्यामुळे स्पष्टच सांगतो, हा प्लॅन घेऊ नका. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं म्हणून तो कागदावर बसतो. प्रत्यक्षात तुम्ही दहातले सहा-सात तास गाडीत बसाल आणि प्रत्येक ठिकाणी उतरून फोटो काढून परत चढाल. पॉम्पेईला सोरेंतोहून लोकल ट्रेन जाते, अर्ध्या तासात पोचवते, त्याला वेगळा अर्धा दिवस द्या. रावेल्लो आणि पोझितानो या दिवसातून काढून टाका. उरलं पेस्तुम आणि अमाल्फी. हे दोनच एका दिवसात नीट होतात आणि मनापासून सांगतो, फार सुंदर होतात.

आधी पेस्तुम काय आहे ते बघू, कारण बहुतेक एजंट त्याला दीड तासाचा स्टॉप समजतात आणि माझा सगळा राग तिथेच आहे. दक्षिण इटलीत ग्रीक लोकांनी वसाहती केल्या होत्या, त्यातलं हे एक गाव, इ.स.पू. ६००च्या सुमारास सिबारिस नावाच्या दुसऱ्या ग्रीक शहरातल्या लोकांनी वसवलेलं. समुद्रदेव पोसायडनच्या नावावरून त्यांनी त्याला पोसायडोनिया म्हटलं. मग लुकानियन नावाचे इथलेच डोंगरी लोक आले, आणि इ.स.पू. २७३मध्ये रोमनांनी आपली वसाहत केली आणि पेस्तुम नाव चालू झालं. शहराभोवतीचा दगडी तट जवळपास पावणेपाच किलोमीटरचा आहे आणि आजही बराचसा उभा आहे. आत तीन प्रचंड ग्रीक देवळं आहेत, आणि त्यातलं एक तर छप्पर सोडलं तर जवळजवळ अख्खं आहे. म्हणजे ग्रीक देऊळ बघायला इटलीत या म्हटलं की लोकांना वाटतं हा काहीतरी बोलतोय, पण ग्रीसमध्येसुद्धा इतकी शाबूत देवळं मोजकीच आहेत.

आता ती वाचली कशी हे बाबांना नक्की सांगा, कारण अख्ख्या दिवसाचा धागा तोच आहे. इथे नदीचं पाणी तुंबत गेलं, आजूबाजूला दलदल झाली, दलदलीतून मलेरिया आला आणि मध्ययुगात लोक हळूहळू गाव सोडून वरच्या डोंगरावर कापाच्चोला राहायला गेले. बाकी ठिकाणी जुन्या देवळावर नवं गाव बसतं आणि दगड घराघरात जातो, इथे राहायलाच कोणी नव्हतं. शेकडो वर्षं झाडीत आणि चिखलात देवळं तशीच उभी राहिली आणि अठराव्या शतकाच्या मध्यावर युरोपला त्यांचा पुन्हा पत्ता लागला. आणि त्याच दलदलीत म्हशी सुखाने राहिल्या. गाईला जो चिखल नको असतो तो म्हशीला हवा असतो, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. विसाव्या शतकात पाणी काढून जमीन कोरडी केली, मलेरिया गेला, म्हशी मात्र राहिल्या, आणि म्हणून आज देवळांपासून दहा मिनिटांवर जगातलं एक नंबर मोझरेला मिळतं. देवळं आणि चीज दोन्ही त्या एकाच चिखलाने दिलंय.

देवळं बघताना दक्षिणेकडून सुरुवात करा, तिथे दोन देवळं अगदी शेजारी-शेजारी आहेत. जुनं हेरा देवीचं, इ.स.पू. ५५०च्या आसपासचं, आणि त्याच्या बाजूचं साधारण शंभर वर्षांनी नवं. दोन्हींच्या मध्ये उभं राहून नुसतं डावीकडे-उजवीकडे बघा, गाईड नसला तरी डोळ्यांना फरक कळतो. जुन्याचे खांब मध्ये फुगलेले आहेत, डोक्यावर ओझं घेतल्यावर माणसाची मान कशी दबते तसे, आणि वरचा दगड, म्हणजे खांबाचं डोकं, पसरट, दाबलेल्या उशीसारखं. समोर खांब मोजा, नऊ आहेत. नऊ म्हणजे विषम, म्हणजे बरोबर मध्यभागी खांब येतो आणि आतही मधोमध खांबांची रांग, त्यामुळे देवासमोर सरळ उभं राहायची सोयच नाही. अठराव्या शतकातल्या लोकांना हे देऊळ वाटलंच नाही, त्यांनी त्याला सभागृह समजून बेसिलिका नाव दिलं आणि ते आजतागायत चिकटलंय. आता शेजारचं बघा, समोर सहा खांब, बाजूला चौदा, मध्य मोकळा. आत दुमजली खांबांची रांग अजून उभी आहे, म्हणजे खालच्या खांबांवर आडवा दगड आणि त्यावर पुन्हा छोटे खांब, हे दृश्य इतकं स्पष्ट फार कमी ठिकाणी दिसतं. शंभर वर्षांत त्या गवंड्यांना कळलं होतं की दगड किती जाड ठेवला म्हणजे पुरतो आणि जागा कशी मोकळी करायची. अथेन्सचं पार्थेनॉन इ.स.पू. ४४७मध्ये सुरू झालं, हे त्याच्या थोडंसं आधीचं. याला नेपच्यूनचं, म्हणजे रोमन लोकांच्या समुद्रदेवाचं, देऊळ म्हणतात पण मूळ देव कोणता यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा बोर्ड वाचून वाद घालत बसू नका.

एक गोष्ट मुलाला सांगा, हा मधाच्या रंगाचा खडबडीत दगड तेव्हा असा दिसत नव्हता. वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा होता आणि ठिकठिकाणी भडक रंग होते. आपल्या दक्षिणेतल्या गोपुरांचे रंग आठवा म्हणजे अंदाज येईल. हे सांगितलं की पोरं एकदम जागी होतात, माझा अनुभव आहे.

तिसरं अथेना देवीचं देऊळ उत्तरेला आहे, तिथे जायला जुन्या रस्त्याने गावाच्या मधून चालत जायचं, वाटेत रोमन चौक, घरांचे पाये, आणि एक अ‍ॅम्फिथिएटर ज्याचा अर्धाच भाग दिसतो कारण उरलेल्या अर्ध्यावरून नंतरच्या काळात गाडीरस्ता नेला. सगळं सपाट आहे, आईंच्या गुडघ्यांच्या दृष्टीने पॉम्पेईपेक्षा शंभर पटीने बरं, तिथल्या उंचसखल दगडी रस्त्यांवर धडधाकट माणसाचे पाय भरून येतात. बेसिलिकाच्या आत चढ-उतार न करता जाता येईल अशी वाट केलेली आहे, त्यामुळे आईंना बाहेर बसवून ठेवायची गरज नाही, त्यांनाही आत न्या. फक्त सावली जवळजवळ नाही. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि तळ चांगला असलेले बूट, सँडल नको.

सावलीवरून आठवलं म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या कंपनीसाठी एक ग्रुप घेऊन गेलो होतो, जुलै महिना, आणि वरून आलेला प्रोग्राम असा की आधी किनारा मग पेस्तुम. किनाऱ्याच्या रस्त्यावर दोन तास अडकलो आणि देवळांपाशी पोचलो भर दुपारी दीडला. एका काकूंना चक्कर आली, त्यांना म्युझियमच्या पायरीवर बसवून ओढणीने वारा घातला, बाकीचे वीस मिनिटांत गाडीत परत. त्यातल्या एका आजोबांनी आयुष्यभर ग्रीक इतिहास शिकवला होता. खिडकीतून ते मागे वळून बघत राहिले ते मला आजही दिसतं. तेव्हापासून मी एकच नियम धरलाय, पेस्तुम सकाळी, दार उघडताना. साईट आणि म्युझियम साधारण साडेआठला उघडतात (जाण्याआधी त्यांच्या वेबसाईटवर वार आणि वेळ एकदा बघाच, आणि महिन्याचा पहिला रविवार टाळा, त्या दिवशी सरकारी म्युझियम फुकट असतात आणि अख्खं नापोली, म्हणजे नेपल्स, तिथे येतं).

म्हणजे सोरेंतोहून सात-सव्वासातला निघा. नव्वदेक किलोमीटर आहे, हायवेने पावणेदोन तास धरा. पेस्तुमला तीन तास द्या, त्यातला एक तास म्युझियमला. लोक म्युझियम सोडतात, तुम्ही सोडू नका, निदान एका खोलीसाठी तरी.

त्या खोलीत पाच दगडी फरशा आहेत. १९६८ साली गावाच्या दक्षिणेला दीडेक किलोमीटरवर एक थडगं सापडलं, इ.स.पू. ४७०-४८०च्या सुमाराचं. चार बाजूंच्या फरशांवर मैफल रंगवलीय, आडवे पहुडलेले पुरुष, हातात वाडगे, एक जण दुहेरी बासरी वाजवतोय, एक जण वाडग्यातला वाईनचा गाळ नेम धरून उडवायचा खेळ खेळतोय, दोघं एकमेकांकडे प्रेमाने बघतायत. पाचवी फरशी झाकणाची. तिच्यावर जवळजवळ काहीच नाही. पांढरी मोकळी जागा, दोन बारीक झाडं, डाव्या-उजव्या बाजूला एकेक, दगडांचा एक उंच चौथरा आणि त्यावरून पाण्यात सूर मारलेला एक तरुण. अंग ताणलेलं, हात पुढे, हनुवटी किंचित वर, तोंड मिटलेलं. खाली हिरवट पाण्याचा उंचवटा. तो हवेतच आहे, पाण्याला अजून लागलेला नाही. या काळातली ग्रीक लोकांची माणसं रंगवलेली भिंतचित्रं जवळजवळ सगळी नष्ट झाली, जे कळतं ते मडक्यांवरून, त्यामुळे हे चित्र किती दुर्मिळ आहे ते वेगळं सांगायला नको. पण मला दर वेळी थांबवते ती दुसरीच गोष्ट. चित्रं थडग्याच्या आतल्या बाजूला होती. झाकणाचा रंगवलेला भाग खाली, मेलेल्या माणसाच्या तोंडासमोर. झाकण लावलं की ते बघायला जिवंत माणूस कोणीच नव्हता. कोणीतरी इतक्या निगुतीने ते त्या एका माणसासाठी काढलं आणि बंद केलं. बहुतेक अभ्यासक त्या सूर मारण्याचा अर्थ जीवनातून मृत्यूत उडी असा लावतात. तुमच्या बाबांना तिथे दहा मिनिटं एकटं राहू द्या, घाई करू नका.

मग जेवण, म्हणजे मोझरेला. आजूबाजूला म्हशीच्या दुधाच्या भरपूर डेअऱ्या आहेत, त्यांना तिथे कासेइफीचो म्हणतात, काही ठिकाणी गोठा आणि बनवण्याची जागा दोन्ही दाखवतात पण त्याचं आधी बुकिंग करायला लागतं. बनवणं सकाळी होतं, म्हणून साडेअकरा-बाराच्या पुढे फार उशीर करू नका. काचेपलीकडे बघा, गरम पाण्यात फाडलेल्या दुधाचा चोथा मऊ होऊन कणकेसारखा ताणला जातो, एक जण तो गोळा धरतो आणि दुसरा अंगठा आणि तर्जनीने चिमटा घेऊन तोडतो, एक, दोन, तीन, आपल्याकडे लाडू वळणाऱ्या बायकांचा हात चालतो तसाच. त्या तोडण्यालाच इटालियनमध्ये मोझारे म्हणतात, नाव तिथून आलं. ताजं घ्या आणि तिथेच खा, फ्रीजमधलं नको, कापलं की आतून दूध ओघळलं पाहिजे, आणि दाताखाली किंचित करकर आवाज आला पाहिजे. पंढरपुरी म्हशीचं दूध पिऊन वाढलेल्या माणसाला ती चव एकदम ओळखीची वाटते.

इथे एक महत्त्वाचं, घरात कोणी कडक शाकाहारी असेल तर आधीच सांगा. अस्सल म्हशीच्या मोझरेलात, ज्यावर त्या प्रदेशाचा अधिकृत शिक्का असतो, दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. पार्मेजानो चीजमध्येही तेच. दुकानदार मुद्दाम लपवत नाहीत पण आपण विचारत नाही आणि नंतर आईंना कळलं तर त्यांना फार वाईट वाटतं, असं माझ्यासमोर झालंय. त्यांच्यासाठी टोमॅटोचा साधा पास्ता, भाजलेल्या भाज्या, डाळी-बीन्सचं सूप, सगळीकडे मिळतं, ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा फोर्माज्जो’ एवढं कागदावर लिहून ठेवा, म्हणजे मांस नाही, मासे नाही, चीज नाही. किनाऱ्यावर मासे वेगळे सांगावेच लागतात कारण तिथल्या काही सॉसमध्ये अँचोव्हीचा अर्क असतो आणि ते त्यांना मासे खाल्ल्यासारखं वाटत नाही.

एक-दीडला निघालात तर मुलाला दहा मिनिटं समुद्र दाखवा, देवळांपासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर लांबलचक वाळूचा किनारा आहे. ९ सप्टेंबर १९४३ला अमेरिकन सैन्य याच वाळूवर उतरलं होतं, तुम्ही त्याच आठवड्यात जाताय.

आता किनाऱ्याचा भाग, आणि इथे माझं मत बहुतेक एजंटांपेक्षा वेगळं आहे. अमाल्फीचा किनारा गाडीतून बघू नका, बोटीतून बघा. रस्ता कड्याच्या कमरेवरून जातो, अरुंद, वळणावर वळण, समोरून बस आली की कोणीतरी मागे घ्यायचं. आपल्या घाटांची सवय असली तरी वरंधा घाटात समोरून सतत टुरिस्ट बसच येत राहिल्या तर काय होईल ते डोळ्यासमोर आणा. गाडीतून दिसतो तो समोरच्या गाडीचा मागचा भाग आणि मधेच निळं काहीतरी. पेस्तुमहून परत येताना वाटेत सालेर्नो शहर लागतं, तिथून अमाल्फीला फेरी बोट जाते, पस्तीस-चाळीस मिनिटं, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. बोटीतून सगळा डोंगर उभा समोर येतो, विएत्री गावच्या चर्चचा रंगीत टाइल्सचा घुमट, मग चेतारा गाव, मग लिंबांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा, मध्येच पहारेकऱ्यांचे जुने बुरूज. कोणाला ओकारी नाही, आईंना पाय लांब करता येतात. दुपारच्या फेऱ्या मोजक्या असतात त्यामुळे आधी टाईमटेबल बघा आणि त्यावरून पेस्तुमहून निघायची वेळ ठरवा, पेस्तुम ते सालेर्नो बंदर पाऊण ते एक तास. समुद्र खवळला तर फेरी रद्द होते, तेव्हा ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की तसं झालं तर रस्त्याने नेशील ना आणि त्याचे जास्तीचे किती.

गाडीचं असं आहे. तुम्हाला हवी ती नोलेज्जो कोन कोंदुचेन्ते, बोलताना एनसीसी, म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याने गाडी द्यायचं लायसन्स असलेली. भाव माणशी नसतो, गाडीचा असतो, म्हणून पाच जणांना परवडतं. आठ-दहा तासांचं पॅकेज असतं, वरच्या प्रत्येक तासाला वेगळे पैसे, आणि तास सुरू कुठून होतात, त्याच्या गॅरेजमधून की तुमच्या हॉटेलपासून, हे लेखी घ्या. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण आत आहे का तेही. आणि ड्रायव्हर म्हणजे गाईड नव्हे, इटलीत गाईडचं वेगळं लायसन्स लागतं, तो देवळांच्या आत येऊन माहिती देणार नाही. बाबांसाठी पेस्तुमला दोन तासांचा स्थानिक इंग्रजी गाईड वेगळा घ्या, त्या खर्चात काटकसर करू नका. ड्रायव्हर लिमोन्चेल्लोच्या, म्हणजे लिंबाच्या गोड दारूच्या, किंवा सिरॅमिकच्या दुकानात ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणाला तर प्रेमाने नाही म्हणा, निघतानाच सांगितलेलं बरं.

तुमचा दिवस बारा तासांच्या पुढे जातो, म्हणून दोन्ही भाव मागा, एक अख्खा दिवस तीच गाडी, म्हणजे तुम्ही बोटीने आणि गाडी रस्त्याने अमाल्फीला, आणि दुसरा असा की सकाळची गाडी तुम्हाला सालेर्नोला सोडून मोकळी आणि संध्याकाळी अमाल्फी ते सोरेंतो वेगळी गाडी. पुष्कळदा दुसरा स्वस्त पडतो. चार रात्रींपैकी एक सालेर्नोत काढता आली तर सगळ्यात उत्तम, पेस्तुमला तिथून लोकल ट्रेनने अर्धा तास, स्टेशनवरून तटाच्या पूर्वेच्या दारातून चालत आत. पण आई-बाबा आणि बॅगा बघता हॉटेल बदलायची दगदग नको असेल तर मी समजू शकतो. स्वतः गाडी भाड्याने घ्यायचा विचार मात्र अजिबात नको, सप्टेंबरमध्ये वीकेंडला त्या रस्त्यावर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा सम-विषम नंबरचा नियम असतो, एनसीसीला तो लागू नाही पण तुम्हाला लागू होईल.

आणि अमाल्फीच का, पोझितानो का नाही? पोझितानो फोटोत सुंदर आहे कारण ते उभं आहे, आणि उभं आहे म्हणजे सगळ्या पायऱ्या. आईंना वर-खाली करता येणार नाही, त्या खाली एका कॅफेत बसून राहतील. अमाल्फीला बोटीतून उतरलं की गाव समोर, चौक सपाट, कॅथेड्रलला बासष्ट पायऱ्या आहेत पण त्या खालून बघायलाच जास्त छान दिसतात. बाबांना आणि मुलाला वर पाठवा, कॅथेड्रलला लागूनचा जुना बंदिस्त चौक बघायला, अरबी वळणाच्या दुहेरी कमानी आणि मधे ताडाची झाडं, आणि तुम्ही आईंबरोबर खाली लिंबाचं सरबत घेऊन बसा. अमाल्फी हे एके काळी स्वतंत्र दर्यावर्दी राज्य होतं, पूर्वेशी व्यापार करायचं, त्या कमानी तिथूनच आल्या. मुख्य रस्त्याने सरळ वर पंधरा मिनिटं चाललं की हातकागदाची जुनी गिरणी म्युझियम म्हणून ठेवलीय, हलका चढ आहे, मुलाला आवडेल.

साडेसहाच्या आसपास गाडीत बसा, तोवर दिवसाच्या बस परत गेलेल्या असतात आणि रस्ता श्वास घेतो. आईंना उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास द्या आणि पुढच्या सीटवर बसवा. बाकीच्यांनी डावीकडची खिडकी धरा, अमाल्फीहून सोरेंतोकडे जाताना समुद्र डाव्या हाताला असतो आणि त्या आठवड्यात साधारण सव्वासात-साडेसातला सूर्य मावळतो. पोझितानो तेव्हा खिडकीतून दिसेल, दिवे नुकते लागलेले. ड्रायव्हरला सांगा, वरच्या वळणावर गाडी उभी करायला जागा असते, पाच मिनिटं थांबवेल.